नवरा कमावतो, मग मी आजारपणाचा क्लेम करायचाच नाही का?

पत्र : ताई, मी ४३ वर्षांची, इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. नवरा आयटीत, मी एका वेअरहाऊसच्या ऑफिसात नऊ वर्षं पेरोल बघायचे. दोन वर्षांपूर्वी रूमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजून आखडण्याचा आजार) निघाला. सकाळी दोन-दोन तास बोटं मिटत नाहीत. २८ आठवड्यांचं एसएसपी (आजारपणात कंपनीने द्यायचे कायद्याने ठरलेले पैसे) संपलं आणि दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडावी लागली. नवरा म्हणतो, माझा पगार आहे ना, सरकारपुढे हात कशाला पसरायचा, आणि मी कमावतो म्हणजे तुला तसंही काही मिळणार नाही. मैत्रीण म्हणते, कागदावर वेगळे राहतो असं दाखव, तिच्या ओळखीत कुणीतरी केलंय. आम्हाला आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) मिळून तीन वर्षं झाली, पुण्यात एक फ्लॅट भाड्याने दिलाय. नवरा वाईट नाहीये हो, पण परवा भाच्याच्या मुंजीला आहेर पाठवायचा होता, त्याच्याकडे मागायला जीभ उचलेना, म्हणून पाठवलाच नाही. काय करू? – एक वाचक

उत्तर : आधी मैत्रिणीचा सल्ला निकालात काढू. एका छताखाली, एका किचनमध्ये, जॉइंट अकाउंटवर राहायचं आणि 'आम्ही वेगळे झालोय' असं सरकारला लिहून द्यायचं, हा सरळसरळ फ्रॉड आहे. डीडब्ल्यूपीवाले (बेनिफिट देणारं सरकारी खातं) बँक स्टेटमेंट मागतात, पत्ते तपासतात, आणि सापडलं की घेतलेले पैसे परत, वर दंड, आणि कधीकधी प्रकरण कोर्टात. तुम्ही आयएलआरवर आहात, क्रिमिनल रेकॉर्ड झाला तर पुढे काय होऊ शकतं हे मी वेगळं सांगायला नको. आणि एवढी जोखीम घ्यायची ती कशासाठी, तर ज्याला नवऱ्याच्या पगाराशी काही देणंघेणंच नाही असे दोन क्लेम तुझ्यापुढे तसेच पडलेत!

'नवरा कमावतो म्हणजे बायकोला काही नाही' हे इथल्या आपल्या लोकांमध्ये इतकं पसरलंय की चांगल्या शिकलेल्या, ऑफिसात बसणाऱ्या बायका सुद्धा साइटवर जाऊन बघत नाहीत. ते खरं आहे, पण मुख्यतः युनिव्हर्सल क्रेडिटपुरतं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या मदतीपुरतं. ते घराच्या खिशाकडे बघून देतात. जोडपं एकत्र राहत असेल, लग्न झालेलं असो वा नसो, तर क्लेम दोघांचा मिळून करावा लागतो आणि नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगारातल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात (काहींना थोडी रक्कम आधी माफ असते). शिवाय दोघांची मिळून बचत १६,००० पौंडांच्या वर गेली की दार बंद, आणि तुमचा पुण्याचा फ्लॅट पण त्यात धरला जातो, कारण तुम्ही त्यात राहत नाही. नावावर दोघांपैकी कुणाच्याही असो. तेव्हा युनिव्हर्सल क्रेडिट विसर. (जाता जाता, त्या फ्लॅटचं भाडं इथल्या टॅक्समध्ये दाखवता ना? नसाल दाखवत तर आधी ते निस्तरा.)

आता तुझ्या कामाचं. पहिला क्लेम न्यू स्टाईल ईएसए, म्हणजे आजारपणामुळे काम जमत नाही त्यांच्यासाठीचा भत्ता. तो तुझ्या एनआयवर (पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सवर) मिळतो, नवऱ्याचा पगार किती, बचत किती, पुण्यात काय आहे, कशाचा संबंध नाही. तू तर पेरोलवालीच, सगळ्या ऑफिसच्या पेस्लिपवर एनआय कापलेलं तूच दर महिन्याला बघत होतीस, त्यात तुझी पण पेस्लिप होती, ते पैसे कशाचे कापत होते असं तुला वाटलं? नऊ वर्षं सलग नोकरी म्हणजे एनआयची अट तू बहुतेक सहज पूर्ण करशील. पण इथे एक मेख आहे म्हणून घाई करायला सांगतेय. ते क्लेमच्या आधीची दोन पूर्ण टॅक्स वर्षं बघतात. तू 'बघू नंतर' करत वर्ष-दोन वर्षं घालवलीस की ज्या वर्षात एनआय भरलंच नाही ते वर्ष हिशोबात येतं आणि हक्काचा क्लेम हातातून जातो. मागचे पैसे मिळतात पण जास्तीत जास्त तीन महिन्यांचे, तुझे दोन झाले, म्हणजे आत्ता केलास तर फारसं काही बुडत नाही.

जुन्या ऑफिसकडून एसएसपी-वन फॉर्म (एसएसपी संपल्याचा कागद) घे, जीपीकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून, फिट नोट (आजारामुळे काम जमत नाही असं पत्र) घे, आणि ऑनलाइन क्लेम कर. सुरुवातीला आठवड्याला ९२.०५ पौंड मिळतात, साधारणपणे पहिले सात दिवस सोडून (ईएसएचे इथले सगळे आकडे २०२५-२६ चे आहेत). मग ते तुझं काम करण्याच्या क्षमतेचं असेसमेंट करतात. सपोर्ट ग्रुपमध्ये (जास्त आजारी असलेल्यांच्या गटात) टाकलं तर १४०.५५ होतात आणि त्याला मुदत नाही, दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकलं तर ९२.०५ च राहतात आणि ३६५ दिवसांनी पैसे बंद. पैसे बंद झाले तरी आजारपण चालू असेल तर एनआयचे क्रेडिट्स चालू ठेवता येतात, तेवढ्यासाठी तरी क्लेम सोडू नकोस, कारण इथलं पूर्ण स्टेट पेन्शन साधारण ३५ वर्षांच्या एनआयवर आहे आणि आपण इथे उशिरा आलेली माणसं, आपली वर्षं आधीच कमी पडतात. आणि हो, ईएसए चालू असताना आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी आणि १९५.५० पौंडांपर्यंतचं काम चालतं, त्यांना कळवायचं मात्र लागतं. उद्या कुणाचं छोटंसं पेरोल घरून करावंसं वाटलं तर लक्षात असू दे.

दुसरा क्लेम पिप, म्हणजे दीर्घ आजाराने रोजच्या कामांत अडचण येते त्यांना मिळणारे पैसे. हा कुणाच्याच कमाईकडे बघत नाही, तुझ्या पण नाही. लोक नोकरी करून पिप घेतात, त्यावर टॅक्स पण नाही. अट एवढीच की त्रास तीन महिने झालेला असावा आणि पुढे किमान नऊ महिने राहील असं दिसत असावं, आणि गेल्या तीनपैकी दोन वर्षं तू या देशात असावीस. दोन भाग असतात, रोजचं जगणं आणि चालणं-फिरणं. प्रत्येकात ८ पॉइंट झाले की साधा दर आणि १२ झाले की वरचा. २०२५-२६ मध्ये रोजच्या जगण्याचे आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होते, चालण्याचे २९.२० किंवा ७७.०५.

पिपमध्ये आपल्या बायका का पडतात माहितीय? 'जमतं' म्हणायच्या सवयीने. फॉर्ममध्ये विचारतात स्वयंपाक करता का, आणि आपली बाई अभिमानाने लिहिते हो करते, चौघांचा करते. अगं पण कशी करतेस ते लिही ना! कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळतेस कारण हातात जोर नाही, भाजी फ्रोझन आणतेस कारण सुरी धरवत नाही, कुकरचं झाकण मुलगा शाळेतून येईपर्यंत उघडत नाही, कढई दोन्ही हातांनी उचलताना एकदा हातावर तेल सांडलं म्हणून आता उचलतच नाहीस, आणि एवढं करून दुपारी दोन तास पडून राहावं लागतं. तुझ्या बाबतीत यातलं काय खरंय ते तू बघ, पण जे खरंय ते सगळं लिही. पुरणपोळी येते का असं त्यांना विचारायचंच नसतं, एका माणसापुरतं ताज्या भाजीचं साधं जेवण गॅसवर करता येतं का एवढंच बघतात.

आणि 'करता येतं' याचा त्यांच्या नियमातला अर्थ बघ, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. ते काम सुरक्षितपणे करता आलं पाहिजे, बऱ्यापैकी नीट करता आलं पाहिजे, जितक्यांदा लागेल तितक्यांदा करता आलं पाहिजे, आणि निरोग्या माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. यातलं एक जरी बसत नसेल तर ते काम तुला येत नाही असं धरायचं असतं. ब्लाउजचे हुक लावायला वीस मिनिटं लागतात? मग 'कपडे घालते' असं लिहून थांबू नकोस. तुझ्या आजारात एक दिवस बरा, एक दिवस वाईट असं असतं, त्यासाठी पण नियम आहे, वर्षातल्या निम्म्यापेक्षा जास्त दिवस त्रास असेल तर तो धरतात. महिनाभर साधी डायरी ठेव, सकाळी किती वाजता बोटं मोकळी झाली, काय करता आलं नाही, कुणी मदत केली. मराठीत लिही, चालेल, फॉर्म भरताना इंग्रजी कर.

असेसमेंट फोनवर होईल किंवा समोरासमोर, सोबत माणूस बसू शकतो. आणि तिकडून 'हाऊ आर यू टुडे' आलं की तोंडातून 'फाइन थँक यू' जाऊ देऊ नकोस, हसू नकोस, मी गंभीरपणे सांगतेय. नकार आला तरी रडत बसायचं नाही, महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचं, तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्यूनल, म्हणजे अपिलाचं कोर्ट. फी नाही, आणि पिपच्या ज्या केसेस सुनावणीपर्यंत पोचतात त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या बाजूने लागतात. बहुतेक लोक पहिल्या पत्रालाच गप्प बसतात. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत फॉर्म भरायला फुकट मदत मिळते, अपॉइंटमेंट लवकर घे.

इथे मध्येच एक, व्हिसावर असलेल्या मुलींसाठी, कारण तुमची पत्रं पण येतात. ई-व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) असेल तर पिप आणि युनिव्हर्सल क्रेडिटला हात लावायचा नाही, व्हिसाची अट मोडते. एसएसपी आणि न्यू स्टाईल ईएसए मात्र पब्लिक फंड्समध्ये मोडत नाहीत, नोकरी करून एनआय भरलं असेल तर ते तुमचं. पत्र लिहिणारीला आयएलआर आहे, तिच्यावर ही बंदी नाही. आणि स्कॉटलंडमध्ये असाल तर पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, अर्ज तिकडच्या सरकारकडे.

आता नवऱ्याचं. तू म्हणतेस तो वाईट नाही, मला पण पत्रावरून तसं वाटत नाही. पण 'माझा पगार आहे ना' म्हणणाऱ्या माणसाला तो आहेर न गेल्याचं माहीत तरी आहे का? मला वाटतं नाही. त्याच्या मते घर नीट चाललंय, ग्रोसरी येतेय, मॉर्गेज जातंय, आणि तू मागत नाहीस म्हणजे तुला काही लागत नाही. तू मागत नाहीस कारण नऊ वर्षं स्वतःच्या पगारातून न विचारता आहेर पाठवत आलीस. म्हणून बेनिफिटचा विषय काढायच्या आधी त्याला ती मुंजीची गोष्ट सांग. अगदी तशीच सांग, की मागायला जीभ उचलली नाही. हे भांडणाच्या भरात नको, आणि तो लॅपटॉपवर असताना तर नकोच.

आणि दुसरं, जे ऐकून तुला कदाचित आवडणार नाही. क्लेमला वेळ लागतो, पिपला तर कित्येकदा महिने लागतात, आणि नकार पण येऊ शकतो. तोपर्यंत काय, आहेर नाही, पार्लर नाही, आईला फुलं नाहीत? तेव्हा आजच ठरवा की दर महिन्याला एक रक्कम स्टँडिंग ऑर्डरने तुझ्या एकटीच्या अकाउंटवर जाईल, त्याचा हिशोब द्यायचा नाही. ईएसए सुरू झालं तर बंद करायची का ते मग बघा, माझं मत विचारशील तर बंद करू नका. घर दोघांचं आहे, तू आजारी पडलीस म्हणून त्यातला तुझा वाटा कमी झालेला नाही.

सरकारपुढे हात पसरण्याबद्दल म्हणशील, तर त्याला एकच विचार, उद्या तुझी नोकरी गेली आणि तुझ्याच एनआयवर मिळणारे पैसे आले तर तू ते परत करशील का? पण मला एक शंका आहे. पैशाचं तो नुसतं बोलतोय, त्याला बहुतेक भीती वाटतेय. बायको डिसेबल्ड आहे हे सरकारी कागदावर आलं की मग ते खरं होतं, तोपर्यंत नव्या औषधाने सहा महिन्यांत सगळं पूर्ववत होईल अशी आशा धरता येते. पुरुषांचं हे मी बघितलंय, आजारपणाचा फॉर्म दिसला की ते चिडतात. त्याला तुझ्या रूमॅटॉलॉजीच्या अपॉइंटमेंटला घेऊन जा. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये नोकरदारांना घरच्या आजारी माणसासाठी वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह मिळते, बिनपगारी असली तरी पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे, तेव्हा 'सुट्टी नाही' हे कारण ऐकून घेऊ नकोस. केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची देखभाल करणाऱ्याचा भत्ता) मात्र त्याला मिळणार नाही, फुल टाइम पगारात ते बसत नाही.

एक छोटी गोष्ट त्याला मुद्दाम सांग. त्याचा पगार ५०,२७० पौंडांच्या आत असेल आणि तुझं सगळं मिळून उत्पन्न १२,५७० च्या आत असेल (ईएसए आणि पुण्याचं भाडं धरून), तर तू तुझ्या टॅक्स अलाउन्समधले १,२६० पौंड त्याच्या नावावर करू शकतेस, मॅरेज अलाउन्स म्हणतात. त्याचा वर्षाला २५२ पौंडांपर्यंत टॅक्स वाचतो. म्हणजे तू घरी बसलीस म्हणून त्याला सरकारकडून फायदा, तो घ्यायला तो नाही म्हणतो का बघ!

ईएसएचा फॉर्म या आठवड्यात भर, बोटं दुखत असतील तर तू बोल आणि नवऱ्याला टाइप करू दे, निम्मं त्याला तिथेच कळेल. पिपसाठी आधी फोन करायचा असतो, फोनची तारीख हीच क्लेमची तारीख धरतात, तेव्हा डायरी पूर्ण व्हायची वाट न बघता फोन करून टाक, फॉर्म आला की भरायला महिना मिळतो. आणि पाठवायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव, असेसमेंटच्या वेळी आपण काय लिहिलं होतं ते हाताशी असलेलं बरं. भाच्याला आहेर उशिरा गेला तरी चालतो, तो पण पाठव.