चेन थांबत नाही, बार कोरडा पडतो: जुना चेनसॉ घेतलेल्यांसाठी

प्रश्न: पडलेले माड नि काजूच्या फांद्या तोडायला वापरलेला चेनसॉ घेतला. रेस सोडली तरी चेन फिरत राहते. बार (चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) तापून धूर येतो, पेट्रोल संपलं तरी ऑइलची टाकी भरलेलीच असते. दुकानदार म्हणतो पंप गेला. नवा येईपर्यंत गाडीचं काळं ऑइल डिझेलने पातळ करून घाला. काय करावं? आणि यंत्राला अनुदान मिळतं का?

उत्तर: काळं ऑइल घालू नका. डिझेल मिसळून तर अजिबात नको. गाडीतून काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा कीस असतो, तो पंपच खरवडतो. म्हणजे आज न गेलेला पंप पुढच्या महिन्यात जातो. शिवाय ते फवाऱ्यासारखं तुमच्या हातातोंडावर उडतं आणि कातडीला घातक आहे. डिझेलने ऑइल पातळ झालं की चेनवर टिकतच नाही. बार-चेनचं चिकट ऑइल मिळालं नाही तर इंजिनचं नवं, न वापरलेलं २०डब्ल्यू-४० घाला, काम भागतं.

आणि पंप एवढ्यात विकत घेऊ नका. माडाच्या खोडातून भुसा कमी, धागे जास्त निघतात. ते चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवती गुंडाळतात आणि बारच्या ऑइलच्या भोकात गादीसारखे दबून बसतात. अशा तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

प्लगची वायर काढा, हातमोजे घाला, बार उतरवा. बारच्या मागच्या टोकाला खाचेत उतरणारं बारीक भोक आहे. त्यात तार घाला, खाच पूर्ण लांबीभर खरवडा. मग प्लगची वायर परत लावा आणि बार-चेन न लावता, हात-कपडे लांब ठेवून, मशीन चालू करून हलकी रेस द्या. बॉडीवरच्या ऑइलच्या तोंडाशी अर्ध्या मिनिटात ऑइल दिसलं, तर पंप ठणठणीत, दोष बारचा. नाही दिसलं तर टाकीचं झाकण थोडं सैल करून पुन्हा बघा. आता आलं तर टाकीचं हवेचं भोक बुजलंय. तरीही नाही, तर टाकीतली जाळी तारेच्या आकड्याने बाहेर ओढून पेट्रोलने धुवा, रबरी नळीला चीर आहे का पाहा. यानंतरच क्लच खोलायचा.

पण आधी चेन का थांबत नाही ते बघू, कारण दोन्ही दुखणी एकाच जागी भेटतात. आयडलचा (रेस सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा) स्क्रू उलटा, पाव-पाव फेरा फिरवत जा. चेन थांबली आणि इंजिन चालू राहिलं, तर विषय संपला. कोणीतरी रेस चढवून ठेवली होती. इंजिन बंद पडेपर्यंत चेन फिरतच राहिली, तर क्लचची स्प्रिंग ताणली किंवा तुटली आहे, नाहीतर ड्रममधलं सुईबेरिंग कोरडं पडून धरलंय.

क्लचचे आटे बहुतेक मशीनना उलटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. छिन्नी-हातोडी नको, प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर तर नकोच. पिस्टनला भोक पडतं. प्लग काढा, क्लच घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा, पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं भोक झाकलं की प्लगच्या भोकातून मऊ दोरी आत भरा, टोक बाहेर ठेवा. पिस्टन दोरीवर अडतो आणि क्लच सुटतो. बसवताना दोरी काढून पिस्टन उलट बाजूने वर आणा, पुन्हा भरा.

स्प्रिंगा सगळ्या एकदम बदला, एकच बदलली तर क्लच वाकडा धरतो. बेरिंग धुऊन बोटाने ग्रीसचा पातळ लेप द्या. जास्त ग्रीस क्लचच्या पॅडवर उडून क्लच घसरतो. ड्रम निळा पडला असेल, किंवा चेनचक्राच्या दातांवर अर्धा मिलिमीटर खाच पडली असेल, तर बदला. ड्रममागे पंपाचं प्लास्टिकचं चक्र दिसेल. त्याचे दात वितळले असतील, किंवा त्याची तार ड्रमच्या खाचेत बसली नसेल, तर ऑइल न येण्याचं कारण सापडलं. काही मॉडेलमध्ये पंप थेट इंजिनवर चालतो, तिथे ही तार नसते.

हे चक्र वितळतं कशाने? चेनचा ब्रेक लावलेला असताना रेस दिल्याने आणि बोथट चेन रेटल्याने. ब्रेक लावून रेस देऊ नका. चेनला धार लावा, रेटू नका.

पेट्रोलमध्ये ‘जास्त टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल) घाला, इंजिन टिकेल’ हा सल्लाही ऐकू नका. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तिकेत आणि डब्यावर आहे तेवढंच. जास्तीने कार्बन साचतो, प्लग काळा पडतो. चेन कोरडी असेल तर तो इलाज बारच्या टाकीतच करायचा.

एक सवय मात्र लावाच: पेट्रोलची टाकी भरली की ऑइलचीही भरा आणि बारचं टोक वर्तमानपत्रापासून वीतभर धरून १० सेकंद रेस द्या. कागदावर ऑइलची रेघ उमटली तरच कापायला लागा. नाही उमटली तर थांबा, भोक साफ करा. चेनला धार लावली की दर वेळी बार उलटा करून लावा.

रात्री मशीनखाली ऑइलचा डाग दिसतो, तो चालेल, बारमधलं ऑइल उतरतं. सकाळी टाकीच रिकामी झाली असेल तर नळी किंवा पंपाचं पॅकिंग बघा.

अनुदानाचं विचारलंत: वापरलेल्या यंत्राला नाही. नव्यासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, आधी पूर्वसंमती, मग पक्क्या बिलाने खरेदी. दुकानदार ‘आधी घ्या, कागद नंतर करू’ म्हणाला तर तिथून उठा.