डाळिंबाच्या गरम सिरपसाठी पंप कुठला घ्यावा?

ताई, तुमची मांडणी मला कळली ती अशी. एका वेळी ४० लिटर डाळिंबाचं सिरप, खाली शेगडीवर स्टीलचं पातेलं, आणि गरम असतानाच ते गाळून ओट्यावरच्या भरायच्या टाकीत चढवायचं. आजवर तपेलीनं उपसून हात भाजून घेतलेत. आता घरातले म्हणतायत की अर्ध्या एचपीचा पाण्याचा पंप आणून टाकू.

नको म्हणावं त्यांना.

मी तीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात फिटर होतो. उकळतं रंगाचं पाणी फिरवणं हाच धंदा. तरीपण निवृत्तीनंतर भाचीला सिरप करायला हाच घरचा पंप जोडून दिला आणि शहाणपण अंगाशी आलं. त्या पंपाचं अंग बिडाचं, आतला पंखा बहुतेक पितळेचा. डाळिंबाचा रस आंबट, आणि त्याचा लाल रंग लोखंडाशी जुळवून घेत नाही. सकाळी भगवा जातीच्या डाळिंबाचा माणकासारखा रस घातला, दुपारी टाकीत जांभळट-मातकट पाणी, वर धातूची चव. वीस लिटर ओतून दिलं. वर त्या पंपाच्या सीलजवळचं ग्रीस रसात उतरतं ते वेगळंच.

म्हणून दुकानात गेल्यावर एचपी शेवटी विचारा. आधी विचारायचं, किती ताप सोसतो आणि रसाला लागणारा प्रत्येक भाग कशाचा आहे. ३०४ स्टील, खाद्य दर्जाचं सिलिकॉन, गरम सोसणारं खाद्य दर्जाचं प्लास्टिक, बस. तांबं, पितळ, बीड, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही नको.

तुमच्या कामाला बसतो तो मॅग्नेटिक ड्राइव्हचा छोटा पंप. यात मोटरचा दांडा रसात शिरतच नाही. बाहेरचं चुंबक फिरतं आणि भिंतीपलीकडच्या पंख्याला ओढत नेतं, त्यामुळं गळायला सीलच नाही. परदेशात घरी बिअर करणारे उकळता काढा फिरवायला हेच वापरतात. त्यातले बरेचसे १२० अंशांपर्यंत चालतात. (तुम्ही वाईनचंही विचारलंय. पंप हाच चालेल, पण आपल्याकडे परवान्याशिवाय ते घरी करता येत नाही, म्हणून तो विषय इथंच ठेवतो.)

खोक्यावर ‘२० लिटर प्रतिमिनिट, हेड ३ मीटर’ असं छापलेलं असेल. हेड म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच चढवतो ते. हे दोन्ही आकडे एकदम कधीच मिळत नाहीत. ३ मीटरला धार शून्य, आणि २० लिटर मिळतात ते पाइप आडवा धरला तर. तुमची चढण पातेल्यातल्या पातळीपासून जेमतेम १ मीटर, वर गाळणी आणि वळणं. मिनिटाला ५ लिटर आलं तरी आठ मिनिटांत पातेलं रिकामं. त्यापेक्षा मोठा पंप कशाला? मात्र सिरप लिटरला सव्वा किलोच्या वर भरतं आणि गार झालं की कित्येक पट घट्ट होतं, म्हणून गरम असतानाच चढवायचं.

आता हे पंप ज्या एका गोष्टीमुळं बदनाम होतात ती. ते स्वतः ओढून घेत नाहीत. पंप पातेल्याच्या तोटीच्या खाली बसवा, सिरप आपसूक उतरून पंप भरू द्या, मगच बटण दाबा. हवा धरली तर नुसता गुणगुणतो, उचलत काही नाही. कोरडा फिरवलात तर आतलं बुशिंग जातं. शेगडी बंद करून उकळी पूर्ण बसू द्या, ८५ अंशांच्या आसपास आलं की सुरू करा. उकळत्याला ओढायला गेलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप खडे चघळल्यासारखा वाजतो. रंगखात्यात तो आवाज आला की आम्ही हातातला चहा टाकून धावायचो.

धार कमी करायची तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढच्या बाजूला. ओढीच्या बाजूला आवळाल तर तेच खडे. ओढीचा पाइप आखूड, जाड आणि जाळी घातलेलं सिलिकॉन. साधं सिलिकॉन तापून चपटं होतं, आणि गवंड्याकडचा लेव्हल पाइप तर गरम सिरपात लोळागोळाच होईल. चोथा आणि बियांचे तुकडे पंपाच्या आधीच कापडातून गाळा.

आरओचा बूस्टर पंप? स्वतः ओढतो खरा, पण गरम सोसत नाही आणि बारीक चोथ्यानं त्याच्या झडपा अडकतात. पेरिस्टाल्टिक, म्हणजे नळी दाबत दाबत रस पुढं ढकलणारा पंप, चांगला, रसाला फक्त नळीच लागते, पण संथ. बाटल्या भरायला घ्या हवा तर.

काम झालं की लगेच गरम पाणी फिरवा, साखर वाळू देऊ नका. दर आठवड्याला पुढचे स्क्रू काढून पंखा बाहेर काढायचा. वीजजोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, ओल्या हातांचं काम आहे.

आणि घरी कूलरचा पंप पडलेला असेलच की, सोलापुरात कोणाकडं नसतो? तो सिरपात बुडवायचा नाही. पण भरलेल्या बाटल्या हाताला सोसतील इतक्या निवल्या की टबात ठेवून त्यांच्याभोवती पाणी फिरवायला तो झकास. तेच ते पाणी फिरत राहतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात सोडतं पाणी परवडणारंय का? गरम बाटली मात्र थेट गार पाण्यात घालू नका, तळ निसटतो.

पातेल्याची तोटी किती इंचांची आहे आणि धागा (आटे) आहे का टीसी क्लॅम्प (पट्ट्यानं आवळायचा जोड), ते कळवा. जोड काय लागतील ते सांगतो.