वाचकांचे प्रश्न : उकडीचे मोदक आणि मोबाइलचा कॅमेरा

प्रश्न : माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि दर संकष्टीला आमच्याकडे आजही त्यांच्याच हातचे उकडीचे मोदक होतात. नणंद टोरांटोला असते. तिच्या मुलींना ही कृती शिकायची आहे, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढते. पण ते पिवळट येतात आणि पांढरेशुभ्र मोदक मळकट दिसतात. माप विचारले की सासूबाई ‘अंदाजाने घ्यायचे’ एवढेच सांगतात आणि कॅमेरा समोर धरला की हातातले काम थांबवून ताठ बसतात. हे सगळे नीट टिपून ठेवण्यासाठी काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण हे काम हाती घेतले आहे याचा मला मनापासून आनंद झाला. सर्वप्रथम दिवस बदला, असे मी सुचवेन. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे मोदक संध्याकाळी होतात आणि तेव्हा स्वयंपाकघरात दिव्याखेरीज उजेड नसतो. विनायकी चतुर्थीचा नैवेद्य दुपारचा असतो. त्या दिवशी किंवा एखाद्या साध्या रविवारी सकाळी, खिडकीतून भरपूर पण थेट ऊन न येणारा प्रकाश असताना, केवळ या कामासाठी अकरा मोदकांचा घाट घाला. गणेश चतुर्थीच्या धांदलीत हे करू नये. त्या दिवशी सासूबाईंचे लक्ष नैवेद्याच्या वेळेकडे असणार आणि ते तसेच असायला हवे.

फोटो पिवळट येण्याचे कारण बहुधा मिश्र उजेड हे आहे. साध्या पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारे 2700 केल्विनचा असतो आणि दिवसाचा सुमारे 5500 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळा). कॅमेरा रंगांचा समतोल सबंध चित्रासाठी एकदाच साधतो. म्हणून एका बाजूने खिडकी आणि वरून दिवा असेल, तर चित्राचा कोणता तरी एक भाग बिघडलेलाच राहतो. दिवसा सगळे दिवे बंद करा, परात खिडकीच्या बाजूला घ्या आणि प्रकाश समोरून न घेता आडवा येऊ द्या, म्हणजे मोदकाच्या प्रत्येक मुखरीला (पारीला चिमटा घेऊन पाडलेल्या कळीला) सावलीची बारीक रेघ मिळेल. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेला पंचा उभा धरला की काळोखी सावली मऊ होते. मळकटपणाचे कारण वेगळे आहे. कॅमेरा चित्राचा सरासरी उजेड मध्यम ठेवू पाहतो, त्यामुळे पांढरी वस्तू राखाडी होते. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर मोदकावर बोट टेकवले की शेजारी उजेड कमीजास्त करण्याची खूण दिसते. ती थोडी वर सरकवा, मात्र मुखऱ्यांच्या रेघा पुसल्या जाऊ लागल्या की थांबा. आणि त्याआधी भिंग पुसा, कारण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या भिंगावर तेलकट बोटांचा थर असतोच.

आता महत्त्वाची गोष्ट. वाफाळत्या मोदकांच्या ताटाचा सुरेख फोटो कोणाकडेही मिळेल. टोरांटोच्या मुलींना त्याचा उपयोग नाही. त्यांना ताटाच्या आधीचे सगळे पाहायला हवे : पाण्याला कितपत उकळी आल्यावर पिठी पडली, झाकण काढल्यावर उकड कशी दिसत होती, मळून झालेल्या गोळ्याला भेगा होत्या की नव्हत्या, पारीची कड मधल्या भागापेक्षा किती पातळ होती, सारण शिजून आले तेव्हा कढईच्या तळाशी ओल किती उरली होती. यातल्या प्रत्येक टप्प्याचा जवळून एक फोटो घ्या. फोन फार जवळ नेल्यास कडा फुगून दिसतात, म्हणून थोडे मागे राहून दुप्पट झूम वापरा. मुखऱ्या पाडण्याचे मात्र चलचित्रच घ्यावे, आणि ते समोरून न घेता सासूबाईंच्या उजव्या खांद्यामागून घ्यावे. समोरून घेतले तर पाहणाऱ्याला डावे-उजवे उलटे दिसते. खांद्यामागून घेतलेल्या चित्रात शिकणाऱ्या मुलीला हात अगदी तिच्या स्वतःच्या हातांच्या जागी दिसतात आणि कोणते बोट आत राहते व कोणती दोन चिमटा घेतात हे न सांगता कळते.

यामुळे दुसरी अडचणही सुटते. फोन स्टँडला लावून खांद्यामागे ठेवला आणि चौकटीत फक्त हात येणार आहेत हे सासूबाईंना आधी दाखवले, तर चेहऱ्याचा संकोच उरत नाही. त्यांची परवानगी घ्या आणि हे फोटो घराबाहेर जाणार का, हेही त्यांनाच ठरवू द्या.

मापासाठी त्यांना अडवू नका. अंदाज हे त्यांचे मापच आहे. आपण ते फक्त ग्रॅममध्ये उतरवून घ्यायचे आहे. पिठीचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, त्यांचे घेऊन झाले की पुन्हा ठेवा. जो फरक येईल तेवढी पिठी त्यांनी घेतली. गूळ आणि खोवलेला नारळ यांचेही तसेच करा. पाणी मापाच्या भांड्यात भरून द्या आणि उरलेले मोजा. चिमूटभर मीठ घरच्या काट्यावर कळत नाही, म्हणून त्यांच्याकडून दहा चिमटी कागदावर टाकून घ्या आणि वजनाला दहाने भागा. सर्वसाधारणपणे वाटीच्या मापाने पिठीइतकेच पाणी आणि गुळाच्या दुप्पट नारळ असे प्रमाण असते (ग्रॅममधले आकडे वेगळे येतील), पण तांदूळ जुना असेल तर पाणी अधिक लागते आणि नवा असेल तर कमी, म्हणून तांदूळ कोणता व किती जुना हे आकड्याशेजारी लिहाच.

वास, आवाज आणि उकडीचा चटका फोटोत येत नाहीत. त्यांच्यासाठी आवाज मुद्रित करा, आणि ‘किती?’ असे न विचारता ‘कशावरून ओळखता?’ असे विचारा. ‘किती’चे उत्तर ‘अंदाजाने’ हेच येते. ‘कशावरून’ विचारले की सारण हाताला कसे लागते, मळताना पाण्याचा हात केव्हा लावायचा आणि तेलाचा केव्हा, मोदक उकडले हे बोट लावून कसे समजते, असे सगळे आपोआप बाहेर येते. चार नातेवाइकांच्या घोळक्यात हे विचारू नये. मुखऱ्या पाडताना दोघीच असाल तेव्हा विचारावे.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास आकार कमी होऊन बारकावे जातात; ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा. निवडक फोटो सहा इंच बाय चार इंच आकारात छापून घ्या आणि मागे तारीख, टप्पा व तांदळाची जात लिहा. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्यांचा फोटो विसरू नका. जिरे, मिरची, मीठ घालून थापलेल्या त्या निवगऱ्या मुलींना मोदकांइतक्याच आठवतील.

प्रश्न : आमचा बारावीतला मुलगा रोज जेवणाआधी ताटाचे फोटो काढत बसतो. तोवर पोळी गार होते आणि माझे वडील उठून जातात. मुलाचा छंद मोडायचा नाही, पण घरातली ही रोजची कुरबूर कशी थांबवावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजोबांचे म्हणणे रास्त आहे, आणि मुलाची हौसही जपण्यासारखी आहे. वाढलेल्या ताटाचा फोटो त्याने काढूच नये. त्याने स्वयंपाक चालू असताना ओट्यापाशी यावे. तव्यावर फुगणारी भाकरी, पाट्यावर वाटला जाणारा खर्डा, फोडणीत तडतडणारी मोहरी हे विषय ताटापेक्षा अवघड आणि म्हणून शिकण्याजोगे आहेत. हलते हात स्पष्ट यायला शटरचा वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतका किंवा त्याहून जलद लागतो, वाफ दिसायला प्रकाश मागून आणि पार्श्वभूमी गडद लागते, हे त्याला तिथेच कळेल. भाकरी तव्यावर फुगते ती काही क्षणच, त्यामुळे आधी जागा, उजेड आणि चौकट ठरवून ठेवण्याची सवयही लागेल. सणाच्या दिवशी पूर्ण पानाचा एक फोटो हवाच असेल, तर नैवेद्य दाखवून झाल्यावर त्याच पानाचा घ्यावा. पंगत त्यासाठी थांबत नाही. जेवणाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत राहील, हा नियम मात्र आपण स्वतःसह सगळ्यांना लावा, नाहीतर तो फक्त त्याच्यावरचा राग ठरेल. आजोबांना आवडणाऱ्या एखाद्या पदार्थाचे टप्पे टिपायचे काम त्याला द्या आणि ते फोटो त्याने आजोबांना शेजारी बसून दाखवावेत, असेही त्याला सांगा.