बेळगावजवळ स्वस्तात, गर्दीशिवाय डोंगरातली रेल्वे किंवा रोपवे आहे का?

रोपवेसाठी थेट रायगड गाठावा लागेल. तो नाद सोडा. रेल्वे मात्र दारातच आहे. लोंढ्याहून गोव्याकडची गाडी पकडा, साधं तिकीट काढा. खरी मजा कॅसलरॉक ते कुळे, साधारण 26 किलोमीटर. उतार 37 मीटरला 1 मीटर, म्हणून गाडी आवरायला कॅसलरॉकला जादा इंजिनं जोडतात. धक्का बसला, हातातला चहा हिंदकळला की समजायचं, घाट आला. मग बोगदे, धुकं आणि 310 मीटरचा दूधसागर धबधबा. तिथं उतरू नका, रुळांवरून चालायला बंदी आहे. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा. मी तर म्हणेन, दसऱ्यानंतर मधल्या वारी जा; पाणी थोडं कमी, पण खिडकी तुमची.