साताऱ्याच्या शाहूपुरीत पैसे घेऊन लोकांची कुत्री फिरवणार असशील तर

कुत्री फिरवायची कामं मिळवून देणाऱ्या ॲपवर दर टाकताना हातात काय उरतं ते आधी बघ. अमेरिकेत रोव्हर नावाचं असं ॲप साधारण २० टक्के कमिशन कापतं, वॅग नावाचं दुसरं तर ४०. तू २०० रुपये लावलेस आणि २० टक्के गेले की उरले १६०, त्यातून पेट्रोल. म्हणून शाहूपुरीचं एक आणि लगेच गोडोलीचं दुसरं बुकिंग घेऊ नकोस. पोवई नाक्यावर अडकलास की पुढचं कुत्रं दारात भुंकत बसतं आणि रेटिंग तुझं जातं. दोन फेऱ्यांत अर्धा तास मोकळा ठेव.

सुटं बुकिंग कमी, महिन्याचं ठरलेलं जास्त, असं जमव. दुसऱ्या कुत्र्याचे पैसे वेगळे, हे पहिल्याच भेटीत सांग. नंतर सांगितलं की काका-काकूंना वाईट वाटतं. ती पहिली भेट फुकट दे, पण रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय पट्टा हातात घ्यायचा नाही. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि तडक दवाखाना गाठ.

चार दिवसांत कुणीतरी म्हणणारच, "ॲप कशाला, थेट यूपीआय करतो." मोह होतो. पण ॲपवर भेटलेलं गिऱ्हाईक बाहेर नेलं तर बरीच ॲप खातं बंद करतात, शिवाय काही इजा-नुकसान झालं तर त्यांचं संरक्षण त्यांच्याच बुकिंगपुरतं असतं. ओळखीतून आलेल्यांचं खुशाल थेट घे, ॲडव्हान्ससकट. आणि पावसाळ्यात रद्द झालेल्या फेरीचं काय, हे आत्ताच लिहून घे. साताऱ्याचा पाऊस आहे हा.