कथकनंतर पन्नाशीत कंटेम्पररी

ताई, इतकी वर्षं कथक केल्यावर पन्नाशीत कंटेम्पररी (आधुनिक पाश्चात्त्य धाटणीचा नाच) शिकायला घेऊ का, असं विचारलंत. जरूर सुरू करा. वयाचं म्हणाल तर नेदरलँड्स डान्स थिएटर या नृत्यसंस्थेने १९९१ मध्ये खास चाळिशीपुढच्या नर्तकांसाठी वेगळा संच काढला होता.

पहिले काही महिने फक्त जमीन शिका. आपण कथकवाल्यांनी जमिनीवर पाय भरपूर वाजवले, पाठ तिला क्वचितच टेकवली. खाली जाताना गुडघ्यांवर धपकन बसू नका. आधी हात टेकवा, मग नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला आणि शेवटी खांदा, सगळं श्वास सोडत. उठायचा रस्ता हाच, उलटा. पुण्यात बरेच हॉल फरशीचे, म्हणून नी-पॅड हवेतच. लाकडी फ्लोअर मिळत असेल तर कोथरूडहून विमाननगरला जावं लागलं तरी जा.

पाळी थांबली असेल तर आधी हाडांची घनता तपासून घ्या. ती कमी असेल तर पाठ गोल करून लोळायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- प्रत्येक हालचालीत सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) शोधणं.
- शरीर अडलं की चेहऱ्याने अभिनय करून वेळ मारून नेणं. (आपली जुनी खोड!)
- स्कूटरवरून उतरून थेट वर्गात शिरणं. पंधरा मिनिटं आधी पोचा, कंबर आणि घोटे मोकळे करा.
- विशीतल्या मुलांबरोबर उड्यांची चुरस.

जोडीकाम, उचलाउचली यांचं आत्ता विचारूच नका. दिवाळीनंतर बघू.