सेल्फ मारला की नुसतं 'टक' होतं, काय बदलू?

प्रश्न : माझी कार पेट्रोलची, गिअर हाताने टाकायचे. काही दिवसांपासून चावी फिरवली की इंजिनकडून एकदाच जोरात 'टक' येतं आणि पुढे काहीच नाही. चार-पाचदा फिरवल्यावर कधीतरी लागते. दिवे झकास लागतात, सेल्फ मारतानाही मंद होत नाहीत. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतो स्टार्टर मोटर बदला. बदलू का?

उत्तर : थांबा, अजून बदलू नका. तुमच्या प्रश्नातच निम्मं निदान आहे. टक-टक-टक अशी लागोपाठ आली असती तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे असं म्हटलं असतं, पण तुमची टक एकच आणि जोरात आहे, म्हणजे चावी, रिले (सेल्फचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), क्लच स्विच इथपर्यंत सगळं बहुतेक ठीक आहे आणि सोलेनॉइड, म्हणजे मोटरला मोठा करंट जोडणारा स्टार्टरवरचा चुंबकी स्विच, ओढतोय. आणि दिवे मंद होत नाहीत याचा अर्थ मोटरला जो मोठा करंट जायला हवा तो जातच नाहीये. मग एकतर मोटर किंवा सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट गेलेत, नाहीतर करंटच्या मार्गात कुठेतरी अडतंय, आणि तो मार्ग तपासायचा राहून जातो, विशेषतः इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. दिव्यांची अर्थिंग बॉडीला असते म्हणून ते मस्त लागतात, पण मोटरची अर्थिंग इंजिनमधून येते.

मल्टिमीटर बीप वाजवतोय म्हणून वायर चांगली असं अजिबात धरू नका. दहा तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप वाजतो. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल तर नुसत्या 0.02 ओहमच्या गंजावर 3 व्होल्ट खाल्ले जातात आणि एवढा बारीक रेझिस्टन्स साधा मीटर धड दाखवत नाही. म्हणून लोड असतानाच, म्हणजे सेल्फ मारत असतानाच, किती व्होल्ट खाल्ले जातात ते मोजायचं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात आणि कपडे पंख्या-बेल्टपासून लांब. मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), लाल पिन इंजिनच्या स्वच्छ उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग ठीक, 2-3 व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं तर चोर सापडला. खात्री करायची तर जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनच्या धातूला जोडून सेल्फ मारा, लगेच फिरली तर प्रश्नच मिटला.

अर्थिंग ठीक निघाली तर हेच पॉझिटिव्ह बाजूला करा, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि काळी स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर, इथे साधारण 0.5 पर्यंत चालतं. फक्त ती पिन दुसऱ्या धातूला टेकू देऊ नका. दोन्हीकडे आकडे चांगले आणि तरी नुसती टक, तर मग मेकॅनिकचं बरोबर आहे, स्टार्टर उतरवा. पण तेव्हाही सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट वेगळे मिळतात का ते आधी विचारा, अख्खी मोटर लागेलच असं नाही.

पट्टी खराब निघाली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. तारा तुटल्या असतील तर पट्टीच नवीन टाका, आणि नंतर तोच आकडा पुन्हा एकदा मोजून बघा.